गुरुजींचे पाच घास

गुरुजींनी आयुष्यात कधी कागद फेकला नाही. रामकुंडावर उपाध्येपण करण्यात त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या गेल्या. त्यांच्या घरी यजमानांच्या वंशावळींच्या वह्या होत्या, लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, लाल कापडाच्या बासनात बांधलेल्या. कोण कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणत्या तिथीला कोणाच्या अस्थी घेऊन आला, सगळं त्यांत. त्याच शिस्तीने ते माझ्या चिठ्ठ्याही जपत. दवाखान्यात आले की आधी खुर्चीवर टेकत, पिशवीतून एक छोटं लाल बासन काढत, गाठ सोडत आणि वीस वर्षांत मी त्यांना लिहून दिलेली एकेक चिठ्ठी क्रमाने टेबलावर मांडत. स्वतःचं जुनं अक्षर असं समोर मांडलेलं कुठल्याच डॉक्टरला आवडत नाही. मला तर अजिबात आवडत नसे.

माझा दवाखाना पंचवटीत, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी पेशंटना ओरडते अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. गुरुजी माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, तरी त्यांनाही मी सोडत नसे. काटकुळी अंगकाठी, स्वच्छ धोतर, उपरणं, आणि एवढ्याशा छातीतून असा आवाज निघे की बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना त्यांची साखर किती ते परस्पर कळे. उपरण्याची टोकं कमरेला खोचून, डोक्यावर हेल्मेट चढवून ते स्कूटरवरून गावभर यजमानांकडे फिरत. स्कूटरच्या हुकाला तांब्या-पळीची पिशवी. पायांत मात्र पुष्कळदा काही नसे. “सोवळ्यात चपला कसल्या,” म्हणत.

त्या बासनातली सर्वांत जुनी चिठ्ठी त्यांना मधुमेह निघाला त्या आठवड्यातली. त्या काळी आम्ही डॉक्टर मंडळी तुपाच्या मागे हात धुऊन लागलो होतो. “तूप, लोणी, खोबरं, शेंगदाणे बंद. साखर बंद. पोळी, भाकरी, वरण-भात चालेल,” असं मी ठणठणीत अक्षरात लिहिलं होतं. पुढे वाचन वाढलं, परिषदा झाल्या, वारं फिरलं. बऱ्याच वर्षांनंतरच्या एका चिठ्ठीत माझ्याच अक्षरात होतं, “भात, पोळी कमी करा. तूप एक चमचा चालेल. पनीर, शेंगदाणे खा.” गुरुजींनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, “डॉक्टरबाई, या दोन्ही तुम्हीच ना?”

“हो.”

“मग मधल्या काळात मी जे तूप खाल्लं नाही, त्याचं काय?”

शास्त्र पुढे जात असतं, असं काहीतरी मी गुरगुरले. “जाऊ दे की,” ते म्हणाले. “निघताना फक्त सांगून जावं.”

हा वाद तेव्हा सगळ्या गावात चालू होता. सकाळी फिरायला जाणाऱ्यांत दोन तट, मोबाइलवरच्या ग्रुपांत दोन तट, एकेका घरात दोन स्वयंपाक. नदीपलीकडे कॉलेज रोडला माझा एक वर्गमित्र आहे, मधुमेहाचा मोठा डॉक्टर. तो भात-भाकरीच्या बाजूचा. त्याचं म्हणणं असं की आपली माणसं पिढ्यानपिढ्या डाळ-भात, ज्वारी, नाचणी खाऊन राबली. दोष साखरेचा आणि खुर्चीचा. माझं म्हणणं, आपण आता राबत नाही, तेव्हा राबणाऱ्याच्या ताटातला भात आपल्या ताटात नको. डॉक्टरांच्या एका सभेत आम्ही दोघांनी यावर तासभर एकमेकांचं तोंड बंद करायचा प्रयत्न केला. नंतर जेवणात जिलबी होती. दोन्ही पक्ष एकाच रांगेत उभे राहिले.

ही हकीकत मी गुरुजींना रंगवून सांगितली. त्यांनी ती नेहमीप्रमाणे गंभीरपणे ऐकली आणि म्हणाले, “डॉक्टरबाई, माझ्याकडे दोन्ही पक्षांची माणसं येतात. भात खाणाऱ्यांच्या अस्थी येतात, न खाणाऱ्यांच्याही येतात. इतकी वर्षं झाली, कलशात बघून मला अजून ओळखता आलेलं नाही, कोण कुठल्या पक्षाचा.” बाहेरच्या बाकावर कोणीतरी मोठ्याने हसलं. मी दार लावून घेतलं.

गुरुजींचा पेशाच जेवण्याचा होता, हे मी फार उशिरा समजून घेतलं. पितृपंधरवड्यात तर रोज कोणाचं ना कोणाचं श्राद्ध असे. भात, खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. श्राद्धाचं पान हे साधं पान नसतं. यजमान समोर हात जोडून उभा असतो, आणि पानावर बसलेला ब्राह्मण पोटभर जेवला तर आपले वडील जेवले, असं त्याला मनापासून वाटत असतं. “त्याला मी काय सांगू, माझी साखर वाढलीय?” गुरुजी म्हणत. “त्याचे वडील माझ्या पानावरून उपाशी उठतील.” मी म्हणे, ही सगळी निमित्तं आहेत. ते म्हणत, असतीलही.

त्या यजमानांत मीही होते. माझा भाऊ परदेशी असतो, त्यामुळे वडिलांचं श्राद्ध मीच घालते. इतर दोघा-तिघा गुरुजींनी त्यावरून नाकं मुरडली होती. आमच्या गुरुजींनी एवढंच विचारलं, “वडील तुमचेच ना? मग बसा पाटावर.” तर त्या दिवशी मी माझ्याच पेशंटला माझ्याच हाताने खीर वाढत असे. पहिल्या वर्षी पळी हातात घेऊन मी घुटमळले, तेव्हा त्यांनी वर पाहून विचारलं, “डॉक्टरबाई वाढतायत की यजमान?”

“यजमान.”

“मग अर्धी वाटी आणखी.”

चार दिवसांनी तेच गुरुजी रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले की मी त्यांना फैलावर घेई. ते निमूट ऐकून घेत. खीर कोणी वाढली, हा विषय त्यांनी दवाखान्यात कधी काढला नाही.

एका संक्रांतीनंतर मात्र असा रिपोर्ट आला की माझं डोकंच फिरलं. तिळगूळ, गुळाच्या पोळ्या, गावोगावची बोलावणी, सगळं त्या आकड्यात उतरलं होतं. मी कागद ओढला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, “भात, पोळी, भाकरी तीन महिने पूर्ण बंद. तूप चालेल.” खाली दोन रेघा मारल्या. त्या दिवशी त्यांच्याबरोबर काकू होत्या, त्यांच्या पत्नी. काकूंचं माहेर घोटीचं. दरवर्षी माहेरून नव्या तांदळाचं पोतं येई, आणि काकूंनी त्याचा पहिला भात लावला की गल्लीत वासावरून कळे. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “भात नाही, पोळी नाही, भाकरीपण नाही. मग यांनी जेवायचं काय?”

बाहेर माणसं ताटकळली होती. “बाकी सगळं,” मी म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तीन महिन्यांनी या, असंही मीच सांगितलं होतं, त्यामुळे तीन महिने ते दवाखान्यात फिरकले नाहीत. रस्त्यात भेटत. स्कूटर हळू करून, हेल्मेटची काच वर करून त्या खणखणीत आवाजात सांगत, “कण नाही हं, डॉक्टरबाई. धान्याचा एक कण नाही.” मी खूश. कॉलेज रोडच्या मित्राला मुद्दाम फोन करून ऐकवलं, की जन्मभर श्राद्धं जेवलेला माणूस भात सोडू शकतो, तर तुझ्या पेशंटना काय धाड भरलीय. तो म्हणाला, आकडा आला की कळव.

आकडा वैशाखात आला. एका दुपारी काकूच त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. घाटाच्या तापलेल्या दगडावर अनवाणी उभं राहून गुरुजींनी कोणाचे तरी विधी केले होते. डाव्या तळव्याला बोटांखाली लिंबाएवढा फोड, तोही फुटलेला, आणि त्यांना पत्ताच नाही. घरी आल्यावर फरशीवर ओली पावलं उमटली, ती काकूंनी पाहिली. पाय भाजलेला कळत नाही म्हणजे साखरेने नसा बधिर झाल्या आहेत, हे डॉक्टरला कळतं. बोटाचा थेंब घेऊन यंत्रात घातला, तर साखर चारशेच्या घरात.

“काय खात होतात तुम्ही?” मी ओरडलेच.

“तुम्ही लिहिलंत तेच.”

“शक्य नाही.”

“खरंच हो बाई,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता, पण त्यात थोडा अभिमानही होता. “सकाळी साबुदाण्याची खिचडी, साजूक तुपातली. तूप चालेल म्हणाला होतात. दुपारी भगर, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी. चार वाजता एखादं रताळं, नाहीतर राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी पुन्हा भगर. पित्रं जेवायला बोलावलं तरी यांनी आधी निरोप धाडून उपासाचंच करायला लावलं. भगरपण साधी नाही, हरसूलच्या बाजारातून मागवलेली.”

ज्या घरात महिन्यातून चार उपास होतात, त्या घरात भात-पोळी बंद झाली की काय शिजवायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. त्यांच्या डब्यांत ते तयारच असतं. माझा हुकूम पाळायचा म्हणून हा माणूस तीन महिने एकादशी करत होता. आणि मी काही परक्या मुलखातून आलेली नव्हते. माझी आईसुद्धा एकादशीला भगर-आमटीच करायची, आणि त्या दिवशी आम्ही रोजच्यापेक्षा दोन घास जास्तच जेवायचो. सगळं ठाऊक असून चिठ्ठी लिहिताना मला ते सुचलं नाही.

“गुरुजी, भगर म्हणजे भातच की हो,” मी कसंबसं म्हणाले.

“भगर एकादशीला चालते, भात चालत नाही. मग ते एक कसे?”

याला वैद्यकात उत्तर आहे. ते द्यायची वेळ तीन महिन्यांपूर्वी होती. गुरुजींनी सवयीने बासन उघडून ती दोन रेघांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्यात आरोप नव्हता, ते नेहमीच ठेवत. “आणि ‘बाकी सगळं’ म्हणाला होतात तुम्ही,” काकू हळूच म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी पेशंटसमोर एक वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. पेशंटचं चुकतं, कंपाउंडरचं चुकतं, लॅबचं चुकतं. त्या दुपारी ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं. “गुरुजी, माझं चुकलं.”

त्यांनी बासन जवळ ओढलं. मला वाटलं, आता वीस वर्षांच्या चिठ्ठ्या बाहेर निघणार. ते म्हणाले, “बरं. आता पुढचं सांगा.”

पुढचं चांगलं नव्हतं. सर्जनने पाय पाहून सांगितलं, जखम भरली नाही तर दोन बोटं काढावी लागतील, आणि तेवढ्यावर थांबेल याची खात्री नाही. गुरुजींनी मला बाजूला बोलावलं. त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. “मला माझ्यासाठी नको आहेत पाय,” ते म्हणाले. “अस्थी घेऊन आलेल्या माणसाबरोबर पाण्यापर्यंत उतरावं लागतं. त्याचे हात कापत असतात, पायरीवर शेवाळ असतं. वर उभं राहून नुसते मंत्र सांगून चालत नाही.” पाय वाचवायचा, एवढं मी मनाशी घट्ट धरलं.

अडीच महिने मी रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी त्यांच्याकडे जाऊन ड्रेसिंग केलं. पश्चात्तापाची दुसरी रीत मला येत नाही. इन्सुलिन सुरू केलं. बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आणून दिलं. हे यंत्र गुरुजींना इतकं आवडलं की पुढे त्यांनी कुठल्याच डॉक्टरच्या शब्दावर विसंबणं सोडून दिलं. “तुम्ही आणि तुमचे नदीपलीकडचे मित्र खुशाल भांडा,” ते म्हणाले. “मी माझ्या बोटाला विचारतो.” त्यांनी वह्यांच्या गठ्ठ्यातून एक कोरी वही काढली आणि वंशावळी लिहाव्यात तशा वळणदार अक्षरात त्यात लिहायला लागले. आधी तिथी, मग काय खाल्लं, मग जेवणाआधीचा आकडा, मग दोन तासांनंतरचा. तारखा घाला म्हणून मी मागे लागले. “तारखेवरून चंद्र कुठे आहे ते कळतं का?” त्यांनी विचारलं. शेवटी दवाखान्यात मी पंचांग आणून ठेवलं. मधुमेहाच्या पेशंटसाठी टेबलावर पंचांग ठेवणारी नाशकात मी एकटीच असेन.

पाय भरत आला. करंगळीचं नख तेवढं गेलं. अधिक-उण्या आकड्यांनी वहीही भरत गेली. साबुदाणा सगळ्यांच्या वर जाऊन बसला होता. भगर आणि भात खांद्याला खांदा लावून होते. एक ज्वारीची भाकरी, तिच्याआधी भरपूर भाजी आणि वरण, असं जेवलं तर आकडा गुणी मुलासारखा वागे; दोन भाकऱ्या झाल्या की बिघडे. नुसतं पनीर खाल्लं तर साखर शांत, पण गुरुजी अशांत, आणि चार वाजता ते काहीतरी शोधत स्वयंपाकघरात जात, हेही प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. पाय पूर्ण बरा झाल्यावर आणखी एक शोध लागला. जेवून उठून घाटाच्या पायऱ्या दोनदा उतरल्या-चढल्या, तर काहीही खाल्लेलं असो, आकडा उतरे. या पायऱ्या आता ते माझ्या हुकमाने जाड तळाच्या कापडी बुटांत उतरत. चामडं नाही म्हणून सोवळ्याला चालतं, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला होता.

मी त्या वहीतली चार पानं मित्राला वाचायला दिली. भाकरीच्या बाजूचं जेवढं होतं तेवढ्यावर त्याने लाल खुणा करून पाठवल्या. माझ्या बाजूचं मी आधीच पाठ केलं होतं. गुरुजींनी दोघांचं ऐकून घेतलं. “अर्धी-अर्धी पोथी वाचून पारायण होत नाही,” म्हणाले, आणि वही पिशवीत टाकली.

राहता राहिला श्राद्धाच्या पानाचा प्रश्न. तो त्यांनी असा सोडवला की मला त्यात काही सुचवायला जागाच उरली नाही. जेवायला बसताना, ताटाभोवती पाणी फिरवून झालं की पहिले पाच लहान घास भाताचे घ्यायचे, प्राणाला दिलेल्या पाच आहुती म्हणून, ही त्यांची जन्माची रीत. त्या वर्षी माझ्या वडिलांच्या श्राद्धाला मी भाताचं पातेलं घेऊन पुढे आले, तर त्यांनी हात आडवा धरला.

“पाच घासांचाच वाढा. टाकायला लावू नका.”

“आणि खीर?”

“खिरीची पळी एक. वडा एक. भाजी मात्र दोनदा.” त्यांनी पाच घास घेतले, सावकाश, डोळे मिटून. मी पातेलं घेऊन तशीच उभी होते. इतकी वर्षं त्यांचं खाणं तोडायला टपलेली मी, पण वडिलांच्या पानावर पाचच घास पडलेले पाहून मला चुटपुट लागली, हे खरं. त्यांच्या ते लक्षात आलं. “डॉक्टरबाई, तुमच्या वडिलांना हे पाच पोचले. सहाव्यापासून पुढचे माझ्या पोटात जातात, त्यांच्या नाही,” ते म्हणाले. मला एकदम हलकं वाटलं. मग लक्षात आलं, सगळ्या यजमानांना असंच हलकं वाटत असणार, आणि म्हणूनच आता कोणी त्यांना आग्रह करत नाही.

हे पाच घास त्यांनी गावोगाव पोचवले. एकदा घोटीकडचा एक शेतकरी दवाखान्यात आला, गुरुजींचाच यजमान. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, “गुरुजी म्हनले, भगर बी भातच हाय. खरं हाय का बाई? आमची म्हातारी काय ऐकत नाय. तिची शुगर लय वाढलीया, अन् आठवड्याला दोन उपास धरती.” मी म्हणाले, खरं आहे, घेऊन या आजींना. त्या दिवसापासून मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटला मी पहिला प्रश्न विचारते तो हा, की उपासाला काय खाता? मग ऐकत बसते. चिठ्ठी नंतर. बाहेरची माणसं ताटकळतात, ताटकळू देत. आता मी पूर्वीइतकी ओरडत नाही, असं कंपाउंडर सांगतो.

सात वर्षं ती वही चालली. दर महिन्याला गुरुजी येत, दोरा घातलेल्या पानावर वही उघडत, आम्ही दोघं पंचांग मधे ठेवून आकडे वाचत असू. कधी भांडत असू. एका अधिक महिन्यात जावयासाठी केलेल्या अनारशांवरून तर आठवडाभर बोलणं बंद होतं. पण आकडे बरे होते, डोळे बरे होते, पाय उत्तम होता. माघात एका दुपारी जेवून, पायऱ्या उतरून-चढून येऊन ते खाटेवर पडले आणि उठले नाहीत. एक्क्याऐंशी वर्षांचे होते. काकूंनी मला बोलावलं तेव्हा मी सवयीने आधी पावलं पाहिली. दहाच्या दहा बोटं जागेवर होती. आदल्या दिवशीच मालेगावच्या एका कुटुंबाबरोबर ते पाण्यापर्यंत उतरले होते. मी रडले, पण मनात कुठेतरी समाधान होतं, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

वर्षश्राद्धाला काकूंनी मला जेवायला बोलावलं. विधी मुलाने केले. पान मांडेपर्यंत काकूंनी आतून लाल बासन आणून माझ्या मांडीवर ठेवलं. “यातल्या चिठ्ठ्या तुमच्या, वहीपण तुमचीच,” म्हणाल्या. “यजमानांच्या वह्या मुलगा सांभाळेल. ही त्याला वाचता यायची नाही.”

माझी स्वतःची साखर आता काठावर आहे, त्यामुळे या वहीचा मला उपयोगच होता. सवयीने मी ती दोऱ्याच्या पानावर उघडली. माघातली तिथी, एक भाकरी, मेथीची भाजी, जेवणाआधीचा आकडा. दोन तासांनंतरची जागा कोरी. मग मी पानं मागे मागे उलटत गेले, आणि लक्षात आलं की सात वर्षांत या वहीचं पहिलं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. ते नेहमी दोऱ्यापाशीच उघडत. पहिल्या पानावर श्रीकार होता. त्याखाली वैशाखातली तिथी होती, फोड घेऊन रिक्षातून आले त्या दिवसाची. पदार्थ नव्हता, आकडा नव्हता. वंशावळीतल्या नावासारख्या ठळक अक्षरात एकच नोंद होती.

“आज डॉक्टरबाई म्हणाल्या, माझं चुकलं. आता औषध लागू पडेल.”

काकू भाताचं पातेलं घेऊन समोर उभ्या होत्या. घोटीचा नवा तांदूळ, वाफ येत होती. “बाई, भात किती वाढू?” त्यांनी विचारलं. मी हात वर करून पाच बोटं दाखवली.